पूलचा व्हॅलिडेटर घरी लावायचाय? पावसाळ्याआधी ही तयारी करा

व्हॅलिडेटर म्हणजे इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचे व्यवहार तपासून त्यांवर सही करणारं मशीन; त्यासाठी इथर हे तिथलं चलन ठेव म्हणून ठेवायचं, काम नीट झालं तर बक्षीस, चुकलं तर दंड. पूल म्हणजे बऱ्याच जणांची ठेव एकत्र करून तो चालवायची सोय. त्यासाठीच्या मिनी पीसीची ऑर्डर देण्याआधी, बिल्डिंगची लाइट जाईल त्या दिवशी घरात काय काय बंद पडतं ते नीट बघून ठेवा. घोडबंदर रोडला आमच्याकडे मी पीसी यूपीएसवर घेतला होता, राउटरही घेतला होता, तरी नेट गेलंच. केबलवाल्याचा स्विच तळमजल्याच्या मीटर रूममध्ये, सोसायटीच्या लाइटवर. सेक्रेटरींना विचारून तिथे छोटा यूपीएस बसवला, किंवा मोबाइलच्या नेटची सोय तयार ठेवली, की हा प्रश्न मिटतो.

मशीनचं फार सांगण्यासारखं नाही: 32 जीबी रॅम, 4 टीबीची चांगली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आणि बंद कपाटाऐवजी हवेशीर जागा. सॉफ्टवेअर दोन लागतात, एक्झिक्युशन क्लायंट (व्यवहार चालवून बघतो) आणि कन्सेन्सस क्लायंट (बाकी नेटवर्कशी एकमत ठेवतो). सगळे जे वापरतात तेच घेऊ नका. त्यात बग निघाला तर सगळे एकदम चुकतात, आणि इथेरियममध्ये जितके जास्त जण एकत्र चुकतात तितका दंड वाढतो.

चाव्यांना, म्हणजे व्हॅलिडेटर ज्यांनी सही करतो त्या गुप्त कोडना, मात्र एक अख्खा रविवार द्या. चाव्या ज्यांतून बनतात ते 24 शब्द नेट काढून ठेवलेल्या मशीनवर तयार करा आणि हाताने लिहा, शक्यतो पेन्सिलीने. जेल पेनची शाई आपल्याकडच्या ओलीत पसरते; माझ्या पहिल्या कागदावरचे दोन शब्द ऑगस्टमध्ये वाचता येईनात. फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. विड्रॉवल अ‍ॅड्रेस (पैसे परत येतात तो पत्ता) एकदा नोंदला की बदलता येत नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून एकेक अक्षर मोठ्याने वाचून ताडून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकच चावी दोन मशीनवर कधीही चालू ठेवायची नाही. गेल्या जुलैत चार तास लाइट नव्हती, तेव्हा ऐरोलीला मित्राच्या घरी ठेवलेल्या लॅपटॉपवर चाव्या चढवायला मी निघालो होतो. तेवढ्यात लाइट आली आणि इकडचं मशीन आपोआप सुरू झालं. लॅपटॉपही चालू असता तर दोन्हीकडून सह्या झाल्या असत्या, नेटवर्कने ती फसवणूक धरली असती, आणि स्लॅशिंग होऊन, म्हणजे ठेवीतून दंड कापला जाऊन, व्हॅलिडेटर कायमचा बाहेर गेला असता. एरवी चार तास बंद राहिलं तर त्या चार तासांत मिळाले असते साधारण तेवढेच पैसे जातात. तेव्हा लाइट गेली तर शांत बसा. मशीन खरंच बदलायचं असेल तर जुन्यावरच्या चाव्या पुसा, स्लॅशिंग प्रोटेक्शनची फाइल (आधी कशाकशावर सही झाली त्याची नोंद) सोबत घ्या, आणि नवीन सुरू करण्याआधी किमान अर्धा तास थांबा. एक एपॉक, म्हणजे नेटवर्कच्या सह्यांची एक फेरी, 6.4 मिनिटांचा असतो, त्यामुळे तेवढ्यात चार एपॉक निघून जातात.

एकट्याने चालवायला 32 इथर लागतात. पूलमध्ये आपले थोडे, बाकीचे इतरांचे. नुकसान झालं की आधी आपल्या ठेवीतून कापलं जातं, पण मशीनवर भरवसा लोकांनी ठेवलेला असतो, म्हणून एवढा जीव तोडून सांगतोय.

सीएला आधीच भेटा. 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, विक्रीवर 1 टक्का टीडीएस, आणि तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. बक्षीस जमा झालं त्या दिवसाचा भाव वहीत लिहीत चला.

आधी हुडी या टेस्टनेटवर (खोट्या इथरवर चालणाऱ्या सरावाच्या नेटवर्कवर) महिनाभर चालवा. त्या महिन्यात एकदा मुद्दाम प्लग काढा आणि मोबाइलवर अलर्ट किती मिनिटांत येतो ते घड्याळ लावून बघा. तो आल्यावरच खरी ठेव पाठवा.