हवेतला नैसर्गिक किरणोत्सार मोजताना या चुका टाळा

मृगाची पहिली जोरदार सर आली की नागपुरात गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारा मीटर, बाळगणाऱ्या कुणाचा तरी घाबरा प्रश्न येतोच: आकडा एकदम चढला, कुठे गळती झाली का? झालेली नसते. जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत वर येत असतो. त्यापासून तयार होणारे शिसे-214 आणि बिस्मथ-214 धूलिकणांना चिकटतात आणि पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. त्यांचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) 27 आणि 20 मिनिटांच्या आसपास, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा खाली येतो. खात्री करायची तर नुकत्याच भिजलेल्या गाडीचं बॉनेट टिशू पेपरने पुसा, तो मीटरच्या खिडकीसमोर धरा आणि पाऊण तासाने पुन्हा मोजा. वाढीव आकडा निम्म्याच्याही खाली गेलेला दिसेल. म्हणून नोंदवहीत वेळ आणि पाऊस लिहाच. थंडीत वारा पडलेल्या पहाटेही रेडॉन जमिनीलगत साचतो, तेव्हा रोजची वेळ एकच ठेवा.

एका मिनिटाच्या मोजणीवर तर मुळीच विसंबू नका. 25 ठोके (मीटरने टिपलेले किरण) पडले तर त्यातली अनिश्चितता 5, म्हणजे 20 टक्के. तेच 16 मिनिटं मोजून 400 ठोके मिळाले तर 5 टक्के.

मीटर मोकळ्या जमिनीपासून एक मीटर उंचीवर, सावलीत ठेवा. मे महिन्याच्या 45 अंशांत उन्हात नको. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, भिंती यांपासून लांब राहा. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आहे, पूर्वेकडे जुने नाइस खडक. बेसॉल्टमध्ये किरणोत्सार देणारं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम कमी असतं, त्यामुळे दोन टोकांच्या आकड्यांची तुलना करून निष्कर्ष काढू नका. तुलना त्याच जागेची, त्याच मीटरने.

सगळ्यात जास्त दिशाभूल होते ती वर्षाच्या हिशेबात. ताशी 0.1 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) गुणिले 8,760 तास म्हणजे जेमतेम 0.88 मिलिसिव्हर्ट. नैसर्गिक किरणोत्साराची जागतिक सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट, मग आपण सुरक्षित, असं लोक म्हणतात. पण त्या 2.4 मध्ये श्वासातून आत जाणाऱ्या रेडॉनचा वाटा सुमारे निम्मा आहे आणि तो या मीटरला कळत नाही. त्यासाठी वेगळं उपकरण लागतं, आणि ते घराच्या आत ठेवावं लागतं.

कोरड्या दिवशीही आकडा कित्येक तास दुपटीवर राहिला, तर आधी बॅटरी बदला, मग दुसरा मीटर आणून त्याच जागी मोजा. दोन्ही जुळले, तरच अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा.