अमेरिकेचा इतिहास मुलांना जुन्या फोटोंवरून शिकवा

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांना इतिहासाचा प्रोजेक्ट आला की गूगलवर चित्रं ढिगाने मिळतात, पण ती कुठली, कधीची, कळत नाही. त्यापेक्षा लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची मोफत वेबसाइट उघडा.

१. शोधात ‘लुईस हाइन’ (Lewis Hine) या छायाचित्रकाराचं नाव इंग्रजीत टाका. १९०८ पासून त्यांनी गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. आपल्याच वयाची पोरं यंत्रांपाशी उभी दिसली की मुलं आपणहून प्रश्न विचारतात.

२. फोटोची माहिती आधी झाका. काय दिसतं, काय वाटतं, काय जाणून घ्यायचंय, एवढंच विचारा.

३. मग माहिती वाचा. लिंक वहीत उतरवा.

याच साइटवर जुनी वर्तमानपत्रंही आहेत; त्यांत वंशद्वेषी भाषा सापडते, ती पानं आधी स्वतः वाचा.