सेटलमेंटनंतर सिबिल सावरताय? या चुका टाळा

कर्जात बुडालेला माणूस कोर्टात जाऊन नादारी जाहीर करून घेतो, असं आपल्याकडे क्वचितच घडतं. २०१६ चा दिवाळखोरी कायदा सर्वसामान्य व्यक्तींना अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता तो डिसेंबर २०१९ पासून चालू आहे. बाकीच्यांसाठी मुंबईत १९०९ चा आणि मुंबईबाहेर १९२० चा जुनाच कायदा आहे. म्हणून धंदा बसला, नोकरी गेली किंवा आजारपणात क्रेडिट कार्डावर कर्ज चढलं, की बहुतेकांची सुटका बँकेशी सेटलमेंट करूनच, म्हणजे बाकीपेक्षा कमी रकमेवर तडजोड करूनच होते. वसुलीचे फोन थांबतात, घराला हायसं वाटतं. खरी अडचण कळते ती पुढे, दुचाकीच्या कर्जाचा अर्ज परत येतो तेव्हा.

सेटलमेंट म्हणजे खातं मिटलं, असं धरून चालणं

समजा कार्डाची बाकी १ लाख ४० हजार होती आणि ६० हजारांवर तडजोड झाली. उरलेले ८० हजार बँकेने सोडले, पण तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीच्या रिपोर्टात त्या खात्यासमोर ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ असं लिहून येतं. ते वाचून पुढची बँक एवढंच समजते, की या माणसाने पूर्ण पैसे दिलेले नाहीत. तडजोडीनंतर त्याच कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी बँकेने किमान १२ महिने थांबावं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे (शेतीकर्जाला ही १२ महिन्यांची अट नाही). म्हणजे पहिल्या वर्षात त्याच बँकेच्या दारात जाण्यात अर्थ नाही.

हाती पैसा आल्यावर सोडलेली रक्कम भरून ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेता येतं का, हे बँकेला जरूर विचारा. मात्र नोंद बदलून देऊ असं बँकेने लेखी दिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. फोनवरच्या आश्वासनाला पुढे कोणी ओळखत नाही. पैसे भरायचे ते कर्जखात्यातच, वसुली एजंटच्या खासगी यूपीआयवर कधीच नाही. भरल्यावर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र) घ्या आणि जपून ठेवा.

रिपोर्ट न वाचता फक्त स्कोअर बघणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ३०० ते ९०० मधला एक आकडा मोबाइलवर बघून लोक खचतात किंवा खूश होतात, आणि खालची पानं उघडतच नाहीत. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर घटत नाही. चारही काढा, कारण एकात दुरुस्त झालेली नोंद दुसऱ्यात तशीच राहिलेली असू शकते.

सिबिलच्या रिपोर्टात प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर, ‘०३०’ म्हणजे ३० दिवस थकीत. सेटलमेंटच्या तारखेनंतरही हे आकडे ३९०, ४२० असे चढत असतील, तर बँकेने तुमची नोंद अद्ययावत केलेलीच नाही आणि दर महिन्याला तुम्ही नव्याने थकबाकीदार ठरताय. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे बँकेने कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलेलं असतं आणि तीच थकबाकी मूळ बँक व ती कंपनी अशा दोघांच्या नावावर उभी दिसते.

अशी चूक दिसली की दाखला जोडून रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तरीही हालचाल नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, मोफत तक्रार करता येते. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला या कंपन्यांना माहिती पाठवावी लागते, त्यामुळे ‘दोन-तीन महिने लागतील’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

दिसेल तिथे अर्ज टाकणं

एका बँकेने नाकारलं की दुसरी, मग तिसरी, शेवटी मोबाइलवरचं झटपट कर्जाचं अ‍ॅप. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत पाच-सहा चौकश्या दिसल्या की हा माणूस पैशांसाठी अडलाय, हे बँकेला कळतं.

त्यापेक्षा छोटी मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. ठेव तारण असल्याने खराब स्कोअरवरही ते सहसा मिळतं. त्यावर घरचं एखादंच ठरलेलं बिल घ्या, विजेचं म्हणा, आणि मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहा. बिल पूर्ण भरा. ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान रक्कम) भरून हप्ता चुकल्याची नोंद टळते, पण बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, आणि पहिल्यांदा बुडालो ते याच वाटेने, हे अनेकांना आठवत असेल.

पतसंस्थेतून कर्ज घेऊन नियमित फेडल्याने सिबिल सुधारेल, असं कोणी सांगितलं तर आधी संस्थेत चौकशी करा. तिथली परतफेड रिपोर्टात दिसतेच असं नाही.

या काळात कोणाच्या कर्जाला जामीन राहू नका. नात्यात नाही म्हणणं जड जातं, मला मान्य आहे. पण त्याचा हप्ता थकला की डाग तुमच्या रिपोर्टावरही पडतो.

पैसे देऊन ‘सिबिल क्लीन’ करून घेणं

खरी असलेली नोंद कोणताही एजंट पुसू शकत नाही, आणि चुकीची असेल तर ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय रिपोर्टातलं अक्षर हलत नाही. अशा माणसाच्या हाती तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी गेला, तर तुमच्या नावावर नवं कर्ज निघण्याची भीती आहे. दिले असतील, तर आजच रिपोर्ट काढून अनोळखी खातं किंवा चौकशी दिसते का ते बघा, आणि दिसली तर संबंधित बँकेला लेखी कळवून सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.