कीपॅड फोनची बटणं सर्किटने दाबताय? या चुका टाळा

शेतात लाईट आली की घरी फोन वाजावा म्हणून जुन्या कीपॅड फोनला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) जोडायचा प्रोजेक्ट डिप्लोमाची पोरं नेहमी घेऊन येतात. प्रोजेक्ट खरंच कामाचा आहे. पण चूक प्रत्येक वेळी तीच: बटणाला एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावायचा आणि त्याचा एमिटर पाय सरळ ग्राउंडला, म्हणजे मायनसला.

अरे बाबांनो, आकड्यांच्या बटणाचा दुसरा पाय ग्राउंडला नसतोच! कीपॅड म्हणजे मॅट्रिक्स, आडव्या लाईनी आणि उभ्या लाईनी, प्रोसेसर एकेक लाईन पाळीपाळीने चालवतो आणि दुसऱ्या बाजूने वाचतो, बटण दाबलं की त्यातल्या फक्त दोन लाईनी जुळतात. एक लाईन ग्राउंडला ओढली की फोनला त्या ओळीतली सगळीच बटणं दाबल्यासारखी दिसतात.

मागे एक पोरगा बारा ट्रान्झिस्टर सोल्डर करून आला होता, ५ दाबायला गेलं की कधी ४ उमटायचा, कधी काहीच नाही. आधी त्याने कोड बदलला, मग फोन खराब समजून जुन्या बाजारातून दुसरा आणला, तिथेही तेच, आणि सबमिशन तोंडावर. मी बॅटरी काढून मल्टीमीटर बीपवर ठेवला, ५ च्या बटणाखालच्या बाहेरच्या कड्याला आणि मधल्या ठिपक्याला पिन लावून बघितलं, दोन्हीपैकी काहीच मायनसशी वाजेना. दोन मिनिटांचं काम आहे हे, पण यूट्यूबवरचं सर्किट उतरवायची घाई असते ना! सगळे ट्रान्झिस्टर काढले आणि पीसी ८१७ ऑप्टो (आतल्या प्रकाशाने चालणारे स्विच, बटणाच्या दोन लाईनीच जोडतात) लावले, तेही चारच. नंबर स्पीड डायलला टाकला की २ दाबून धरायचा, दहा आकडे दाबायचे कशाला? बाकी दोन बटणं कीपॅड अनलॉकची आणि एक लाल, कॉल तोडायचं. ऑप्टो एकाच दिशेने चालतो, बटण लागलं नाही तर त्याचे कलेक्टर-एमिटर हे दोन पाय फिरवून बघा.

दुसरी चूक घाईची. आर्डुइनोची पिन हाय (चालू) करून लगेच लो (बंद) केली तर फोन ते दाबणं मोजतच नाही, आणि ९९ मधला दुसरा ९ गिळतो. मी १५० मिलिसेकंद दाबतो, ३०० थांबतो, कुणी कितीही हळू म्हणो. उलट जास्त धरलं तर ० चा + होतो आणि बऱ्याच फोनमध्ये १ ने व्हॉइसमेल लागतो.

ऑप्टोऐवजी ४०६६ ही स्विचची आयसी वापरणार असाल आणि त्याला ५ व्होल्ट देत असाल, तर कंट्रोल पिनला ३.५ व्होल्ट तरी लागतात, आर्डुइनोऐवजी ईएसपी बोर्ड असेल तर त्याचे ३.३ कधी चालतील कधी नाही. आर्डुइनोची पिन थेट कीपॅडला लावूच नका, त्या लाईनी १.८ किंवा २.८ व्होल्टच्या असतात. फोनला सप्लाय त्याच्याच बॅटरीचा ठेवा, टूजीवर कॉल लागताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो, आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनचं ते काम नाही.

आणि बटणाखालच्या सोनेरी पॅडवर जाड वायर लावू नका, जरा ओढली गेली की पॅडच उचकटतो. बारीक इनॅमल जंपर (लाखेचं आवरण असलेली तार) घ्या, फ्लक्स लावा, सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभरच टेकवा, आणि वायर बोर्डाला गोंदाने चिकटवल्याशिवाय फोन उलटा करू नका.