जुन्या विमानाचा सुटा भाग ओळखताना या चुका टाळा

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे बारीक आकड्यांनी भरलेला, काळवंडलेला धातूचा एखादा तुकडा हाती आला, की विकणारा हमखास सांगतो, "विमानाचा आहे, साहेब." बहुधा तेवढे खरेही असते. चुका होतात त्या कोणत्या विमानाचा, कुठला आणि कधीचा, हे ठरवताना, आणि त्यांतल्या काही चुका पुन्हा दुरुस्त करता येत नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वस्तू घरी आणताच ती घासूनपुसून लख्ख करणे. काही वर्षांपूर्वी मी ॲल्युमिनियमच्या एका कवचावरचे तेलकट किटण रॉकेलच्या बोळ्याने पुसत होतो. दुसऱ्यांदा पुसताना बोळ्यावर जांभळट डाग उतरला, आणि तो तपासनिसाने मारलेला शाईचा गोल शिक्का होता, हे शिक्का अर्धा गेल्यावर कळले. उरलेल्या अर्धवर्तुळात आता एका आकड्याची शेपटी तेवढी दिसते. म्हणून आधी मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, बॅटरीचा उजेड तिरका पाडून दिसेल ते टिपावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. स्क्रूमधून ओवलेली तार, शिशाचे सील, रंगाचे थर यांपैकी कशालाही धक्का लावू नये.

एका बाबतीत मात्र धूळ झटकण्याचीही घाई नको. विमानातल्या जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी किरणोत्सर्गी रेडियमचा रंग लावत. तबकडी आता चमकत नाही म्हणजे ती निर्धोक झाली, हा समज घातक आहे. निकामी होते ते रंगातले चमकणारे झिंक सल्फाइड. रेडियम-२२६चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे आहे. अशा उपकरणाची काच उघडू नये आणि पापुद्रे फुंकू नयेत. आकाराच्या मानाने विलक्षण जड ठोकळाही कापू नये, त्याला भोकही पाडू नये, कारण सुरुवातीच्या बोइंग ७४७ विमानांत क्षीणित (सौम्य किरणोत्सर्गी) युरेनियमची, तोल साधणारी वजने बसवलेली होती. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-६०मुळे एका माणसाचा जीव गेला. शंका आली तर वस्तू बाजूला ठेवून अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे. त्याचे मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तिनगरला आहे.

यानंतरची चूक आकडे वाचण्याची. ओतीव भागावर उठावदार अक्षरांत असलेला क्रमांक बहुधा कच्च्या ओतकामाचा असतो. तयार भागाचा क्रमांक वेगळा, कोरलेला किंवा शाईने छापलेला असतो. एएन किंवा एमएस या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक अमेरिकी प्रमाणित वस्तूंचे असतात, आणि तसा बोल्ट असंख्य विमानांत सापडेल. त्यावरून विमान ठरत नाही. लष्करी साठ्यातली वस्तू ओळखण्यासाठीच्या तेरा आकडी नाटो साठा क्रमांकात पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग दाखवतात, पुढचे दोन क्रमांक देणारा देश: ०० व ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, ७२ भारत. मात्र क्रमांक देणारा देश म्हणजे बनवणारा देश, असे गृहीत धरू नये.

रशियन उपकरणांवर तर अक्षरेच फसवतात. इंग्रजी बीसारखे दिसणारे अक्षर तिथे 'व' असते, एचसारखे दिसणारे 'न' आणि पीसारखे दिसणारे 'र'. व्हीडी-१० या उंचीमापकाचे नाव 'बीडी' समजून शोधले, तर हाती काही लागत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलातून मिग-२१ निवृत्त झाले. पण रशियन अक्षरे दिसली म्हणून भाग मिगचाच, असे म्हणता येत नाही, कारण एकच उपकरण अनेक विमानांत बसवले जाई.

ब्रिटिश उपकरणांवर मुकुट आणि त्याखाली 'ए एम' ही अक्षरे दिसतात. हे एअर मिनिस्ट्री या ब्रिटनच्या हवाई खात्याचे चिन्ह, आणि ते खाते १९६४ साली संरक्षण मंत्रालयात विलीन झाले. वस्तू उशिरात उशिरा कधीची असेल, ते यातून साधारण कळते. ती कोणत्या लढाईत उडाली, हे मुळीच कळत नाही.

मूळ सिद्ध करण्यासाठी विक्रेत्याची हकिकत पुरत नाही. भाग उतरवतानाची चिठ्ठी किंवा लिलावाची पावती मिळाली, तर तिच्यावरचा अनुक्रमांक भागावरच्या अनुक्रमांकाशी अक्षरशः जुळतो का, ते पाहावे. नुसता भागक्रमांक जुळणे पुरेसे नाही, तो त्या प्रकारच्या प्रत्येक नगावर असतो. कागद जुळले तरी असा भाग पुन्हा विमानात बसवण्यासाठी कोणालाही देऊ नये.

आकाशातून पडलेल्या वस्तूची गोष्ट निराळी आहे. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. असे काही सापडले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशातली वस्तू पृथ्वीवर परतली तरी तिची मालकी बदलत नाही.

नोंदवहीत तीन रकाने करावेत: डोळ्यांनी दिसलेले, त्यावरून काढलेले अनुमान आणि दुसऱ्याने सांगितलेले. माझ्या त्या कवचाच्या पानावर पहिल्या रकान्यात "शाईचा शिक्का, अर्धा, उरलेला माझ्या हातून पुसला गेला" असे लिहिले आहे, आणि विमानाच्या नावाची जागा अजून कोरी आहे.