सीएच्या पेपरला कॅल्क्युलेटर नेताय? या चुका टाळा

दर परीक्षेआधी दादरच्या आमच्या क्लासमध्ये कुणीतरी बारावीतला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुढे करतं, "सर, हा चालेल ना?" नाही चालत. सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या सूचनांत स्वच्छ लिहिलंय: बॅटरीवरचा, आवाज न करणारा, वायर नसलेला, जास्तीत जास्त ६ फंक्शन, १२ अंक, २ मेमरी. प्रोग्रॅम होणारा किंवा उत्तर छापणारा नको. एवढं वाचायला वेळ नसतो, शॉर्टकटचे रील बघायला असतो.

मागे डोंबिवलीचा एक हुशार मुलगा एफएमच्या (फायनान्शियल मॅनेजमेंटच्या) पेपरला सायंटिफिक घेऊनच बसला. पर्यवेक्षकांनी तो काढून घेतला. मागचा मुलगा स्वतःचा द्यायला तयार होता, पण हॉलमध्ये देवाणघेवाण चालत नाही. मग काय, १२ टक्के दरासाठी १.१२ चे पाढे हातानेच, कच्च्या कामात. एनपीव्हीची (पुढच्या रकमांच्या आजच्या निव्वळ किमतीची) मांडणी अचूक, पण एक अख्खा प्रश्न कोरा राहिला. बाहेर येऊन मलाच म्हणतो, "सर, कॉलेजात तर चालतो!"

दुसरी चूक माझ्या जास्त डोक्यात जाते: पेपर तोंडावर आला की नवा कॅल्क्युलेटर घ्यायचा. समजा, तीन वर्षांचे १० टक्क्यांचे पीव्ही फॅक्टर, म्हणजे पुढच्या एका रुपयाची आजची किंमत, काढायचेत. सिटिझनवर १ ÷ १.१ करून = तीनदा दाबलं की ०.९०९१, ०.८२६४, ०.७५१३ येतात. कॅसिओवर आधी १.१, मग ÷ दोनदा, पडद्यावर 'के' (आकडा पक्का धरल्याची खूण) उमटला की १, आणि मग =. जीटी (ग्रँड टोटल, सगळ्या उत्तरांची बेरीज) दाबलं की २.४८६९. बोटांना एकाची सवय आणि हातात दुसरा, की उत्तर भलतंच येतं आणि ते भलतं आहे हे कळतही नाही. आधीचं जीटी पुसलं नसेल तर बघायलाच नको. सराव केलात तोच न्या, बटणांवरचे आकडे पुसट झाले असले तरी.

काही मॉडेलवर दशांशाची सरकपट्टी असते. लोकलच्या रेटारेटीत ती बॅगेतच सरकते. मी मुलांना गेटबाहेर २५ + ३५ करायला लावतो. ०.६० दिसलं तर पट्टी 'अ‍ॅड टू'वर, म्हणजे बेरजेत आपोआप दोन दशांश धरणाऱ्या खुणेवर गेलीय. मग २ ÷ ३, फक्त ०.६७ दिसलं तर ती दोन दशांशांवर अडकलीय. 'एफ'वर, म्हणजे दशांश मोकळे सोडणाऱ्या खुणेवर आणा आणि मगच आत जा.

सेल आठवडाभर आधी बदला. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर विसरा. फोर्टच्या फुटपाथवरचा स्वस्त 'सेम टू सेम' घेऊ नका, त्याची बटणं दोनदा उमटतात.

आणि मित्राला विचारून ठरवत असाल, तर तो कुठली परीक्षा देतोय ते आधी विचारा. सीएफएला (गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेला) टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपी १२सी, एवढंच चालतं. त्यातला कॅल्क्युलेटर घेऊन सीएला गेलात तर वर सांगितलेली गत होईल. गेटला (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला) तर स्वतःचा नेताच येत नाही. स्क्रीनवरचाच माउसने वापरायचा.