टर्बोचा पाइप बदलताय? या चुका टाळा

पिकअप गेला, इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०२९९ म्हणजे ‘बूस्ट कमी’ हा कोड आला, की संशय थेट टर्बोवर जातो. (बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तिचा दाब.) सगळ्यात महागडी चूक हीच. ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, मागितला तेवढा दाब मिळाला नाही, एवढंच हा कोड सांगतो. तो दाब तयारच झाला नाही की वाटेत गळाला, ते आपण शोधायचं असतं. त्यामुळे टर्बो खोलण्याआधी टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा पाइप बघा.

आयडलिंगवर गळती शोधत बसू नका

थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) अलीकडच्या पाइपमध्ये आयडलिंगला दाब जवळपास नसतोच. चीर मिटलेली राहते आणि गाडी गुणी बाळासारखी उभी असते. ॲक्सिलरेटर दाबला, बूस्ट चढला, की तीच चीर तोंड उघडते आणि ‘फुस्स’ आवाज येतो. मॅफ सेन्सरच्या, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, गाडीत हवा आधीच मोजली गेलेली असते. त्यातली काही वाटेत गळते, पण इंधन मोजलेल्या हवेइतकंच पडतं. म्हणून मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त होतं, आणि काळा धूर निघतो.

फक्त मॅप सेन्सरवर (तो हवेचा दाब मोजतो) चालणारी गाडी जास्त फसवी. तिथे ईसीयू तूट भरून काढायला टर्बोला आणखी पळवतो. चालवताना फारसा फरक जाणवत नाही, टर्बो मात्र गरजेपेक्षा जास्त फिरून झिजत राहतो. अशा वेळी मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट यांच्या स्कॅनरवरच्या नोंदी (लॉग) शेजारी-शेजारी ठेवून बघणं हाच खरा उपाय.

दाबाची चाचणी घाईत करू नका

इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडावर टेस्ट कॅप, म्हणजे दाबाची हवा भरायचं झाकण, बसवा. क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागातून) इनटेकला येणारी ब्रीदरची नळी बुच लावून बंद करा. नाहीतर हवा थेट क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सीलवर ताण येतो. रेग्युलेटरने ५ पीएसआयपासून सुरुवात करून हळूहळू १५ पर्यंत, म्हणजे साधारण १ बारपर्यंत जा. गाडीचं नेहमीचं बूस्ट त्याहून कमी असेल तर तिथेच थांबा. कॅपसमोर उभं राहू नका, निसटली तर गोळीसारखी येते. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. डिपस्टिकच्या नळीतून बारीक सुसू आवाज आला तर घाबरू नका. उघड्या व्हॉल्व्हमधून आणि पिस्टनच्या रिंगांजवळून थोडी हवा खाली जातेच.

प्लॅस्टिकचा पाइप बहुतेकदा मधे फुटत नाही, जोडाच्या कॉलरपाशी फुटतो. बीएमडब्ल्यूच्या एन५४ आणि एन५५ इंजिनांमध्ये थ्रॉटल बॉडीला लागणारं टोक त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. केसाएवढा तडा बोट फिरवून कळत नाही. पाइप पुसून कोरडा करा आणि टॉर्च तिरका धरा. आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं, पण तळाशी तेल साचलेलं दिसलं तर ते कुठून येतंय ते आधी शोधा. तेलकट जोडावरून होज (रबराची किंवा सिलिकॉनची लवचिक नळी) निसटतोच.

एपॉक्सी, टेप यांच्या नादी लागू नका. उष्णता, तेल आणि इंजिनची हालचाल यापुढे ते टिकत नाही.

तुकडे मोजल्याशिवाय नवा पाइप लावू नका

जुना पाइप फुटलेला असेल तर तुकडे जुळवून बघा. एखादा कमी असेल तर तो इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) किंवा थ्रॉटलपाशी आहे असं धरून चाला आणि सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका. उघड्या तोंडात चिंधी कोंबलीत तर तिचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे ती आत विसरली जाणार नाही.

ओ-रिंग, म्हणजे जोडातली गोल रबरी सील, दर वेळी नवी घ्या. तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या, पाइप सरळ ढकला. तिरका घातला तर रिंग गुंडाळली जाते आणि नवा पाइपही गळतो. तारेची क्लिप असेल तर ‘टक’ आवाज ऐका आणि मग पाइप मागे ओढून खात्री करा. जुन्या पाइपवरचा दाबाचा सेन्सर काढून नव्यावर लावताना त्याचं सीलही तपासा.

होजचे जोड मात्र पूर्ण कोरडे हवेत. तिथे ग्रीस किंवा स्प्रे तेल लावू नका, आज होज सहज चढेल आणि पहिल्या जोरदार बूस्टला उडेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते ओलं असेपर्यंत होज सरकतो, मग उडून जातं. क्लॅम्प पाइपच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. आवळताना होजचं रबर क्लॅम्पच्या खाचांतून फुगून वर येऊ लागलं की जास्त झालं; थोडं सैल करा.

पाइप पुन्हा पुन्हा फुटत असेल तर इंजिन माउंट बघा. माउंट खचलेलं असेल तर इंजिन प्रत्येक झटक्याला पाइप ओढतं आणि ॲल्युमिनियमचा पाइप लावलात तरी ताण पुढच्या जोडावर जातो.

काम झालं की दाबाची चाचणी पुन्हा घ्या, कोड पुसा, इंजिन गरम करून मोकळ्या जागी हळूहळू बूस्ट चढवा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक क्लॅम्प एकदा तपासा. नवा सिलिकॉन होज पहिल्या तापण्या-थंडावण्यात थोडा दबतो आणि कालचा घट्ट क्लॅम्प आज पाव फेरा घेतो.